पहिली पाळी कोणाची?

पुण्याहून नाशिक रस्त्याने निघाले की चाकणच्या अलीकडे कुरुळी लागते. समजा, तेथल्या एखाद्या कारखान्यातून सुटलेले दोन सोबती चहाच्या टपरीवर नाणे उडवीत बसले आहेत. एकदा याने, एकदा त्याने, अशी पाळी; ज्याला आधी छापा पडेल त्याने पणाचे पैसे न्यावे. नाण्यात खोट नाही, डावही दोघांस सारखाच दिसतो. तरीही "पहिला मी" म्हणणारा गडी दुसऱ्यास फसवीत असतो, बहुधा नकळत! किती फसवितो, याची रीत जगापुढे यायला सतरावे शतक उजाडावे लागले.

द्यूत आपल्याकडे काही नवे नव्हे. वनपर्वातील नळाची कथा आपण जाणताच. राज्य हरलेला नळ बाहुक नावाने ऋतुपर्णाचा सारथी होऊन विदर्भातील कुंडिनपुराकडे रथ हाकीत असता, ऋतुपर्ण वाटेतल्या एका बेहड्याची पाने व फळे पाहताक्षणी सांगतो. दोन फांद्यांवर म्हणे २०९५ फळे. नळ खाली उतरून मोजतो, तो हिशेब जुळतो. मग अश्वविद्येच्या बदल्यात त्याला अक्षविद्या मिळते आणि तिच्या बळावर तो राज्य परत मिळवितो. बेहड्याची फळेच त्या काळी फासे म्हणून वापरीत, हे ध्यानात घेतले म्हणजे झाडाची निवड उगाच नाही हे पटते. पण रीत कोणती, ते कथा सांगत नाही. विद्या एका राजाच्या मुखातून दुसऱ्याच्या कानी गेली. तिसऱ्याच्या हाती काही लागले नाही. माझ्या मते आपली खरी हानी ती हीच.

फ्रान्समध्ये पास्काल व फर्मा यांचा या विषयावरील पत्रव्यवहार १६५४ सालचा. पुढे १६५७ साली, म्हणजे शिवाजीमहाराजांनी जुन्नरवर छापा घातला त्याच वर्षी (तो छापा निराळा!), हॉलंडच्या हायगेन्सने ही रीत पुस्तकात छापून उघड्यावर आणली.

त्या धोरणाने आपला डाव पाहू. पहिल्याच फेकीत पहिला गडी निम्म्या वेळा जिंकतो. काटा पडला, तर नाणे दुसऱ्याच्या हाती जाते आणि आता तोच पहिल्याच्या जागी येऊन बसतो. म्हणून दुसऱ्याची आशा पहिल्याच्या निम्मी. दोघांची मिळून एक. तेव्हा पहिल्यास दोन तृतीयांश, दुसऱ्यास एक तृतीयांश. पण तीन रुपयांचा असेल, तर पहिल्याने दोन घालावे, दुसऱ्याने एक. दोघांनी दीड-दीड घातला, तर दर डावास सरासरीने पन्नास पैसे दुसऱ्याच्या खिशातून अलगद निघून जातात.

हायगेन्सच्या पुस्तकातील चौदावे आणि शेवटचे प्रमेय पाळीच्याच खेळाचे आहे. फासे दोन, एकाने सहा टाकले की त्याचा जय, दुसऱ्याने सात टाकले की त्याचा. ३६ प्रकारांपैकी सात पडण्याचे ६, सहा पडण्याचे ५. म्हणून पहिली पाळी सहावाल्यास दिली. एवढी सवलत मिळूनही त्याची आशा ३०, सातवाल्याची ३१.