बोलण्याच्या तारेवर गाण्याची तालीम

टेलिफोनचं पेटंट १८७६ सालचं. पाचच वर्षांनी, पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात, क्लेमां आदेर यांनी ऑपेरागृहातलं गाणं तारेवरून दूरच्या दालनात बसलेल्या लोकांच्या कानांपर्यंत पोचवलं. गाणं दूरवर ऐकवायला पाच वर्षं पुरली. पण दोन ठिकाणी बसलेल्या वादकांनी एकमेकांचं ऐकत एका लयीत वाजवायला त्यानंतर जवळजवळ सव्वाशे वर्षं जावी लागली. असं का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: अंतर. जग मोठं आहे, आवाज पोचायला वेळ लागतो, त्याला कोण काय करणार! हे उत्तर अर्धंच खरं आहे. वादकांच्या वाटेत अंतरापेक्षा मोठा अडसर होता तो तारेच्या घडणीचा. ती बोलण्यासाठी घडवली होती, आणि बोलण्याचे संकेत तिच्यात इतके खोल मुरले होते की एकत्र वाजवू पाहणाऱ्यांना ते एकेक करून उपटून काढावे लागले.

बोलण्याचा पहिला संकेत पाळीचा. एक बोलतो तेव्हा दुसरा थांबतो. म्हणून आवाज या टोकाचा त्या टोकाला पोचायला १५० मिलिसेकंद लागले तरी संभाषण सुरळीत चालतं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस सांगते. ही सवलत मिळाल्यावर यंत्रणेने ती पुरेपूर वापरली. आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडायचे, ते आवळून पाठवायचे, पलीकडे थोडे तुकडे साठवून ठेवायचे म्हणजे एखादा उशिरा आला तरी वाक्य तुटत नाही. मग प्रतिध्वनी पुसायचा, खोलीतला गोंगाट गाळायचा. बोलणाऱ्याच्या दृष्टीने यातली प्रत्येक गोष्ट सोयीची आहे. गाणाऱ्याच्या मुळावर येणारी आहे. सलग लागलेला तानपुरा या गाळणीच्या लेखी पंख्याच्या घरघरीसारखा असतो, आणि दोन आवाज एकदम आले की त्यांतला एक दाबायचा असतो, कारण दोघांनी एकाच वेळी बोलणं हा संभाषणातला बिघाड समजला जातो. संगीताचा तर तोच जीव. आता अंतराचा वाटा किती ते पाहू. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुणे ते मुंबई दीडशे किलोमीटर धरले तर एक मिलिसेकंदही लागत नाही. म्हणजे पुण्याची पेटी आणि मुंबईचा तबला यांच्यामध्ये १५० मिलिसेकंदांची दरी पडत असेल, तर ती जवळजवळ सगळी वाटेतल्या यंत्रांनी पाडलेली असते.

किती उशीर चालतो हा प्रश्न इंटरनेटच्या आधीचा आहे, कारण हवाही उशीर करतेच. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे तीन मिलिसेकंद. मैफिलीत गायक आणि तबलजी दीड-दोन मीटरवर बसतात. त्यांच्यातला उशीर पाच-सहा मिलिसेकंदांचा. मोठ्या वाद्यवृंदात मागच्या रांगेतला ढोल आणि पुढचं व्हायोलिन यांच्यात तो ३० ते ४० मिलिसेकंदांवर सहज जातो, आणि तिथे कान सोडून डोळ्यांचा आधार घ्यावा लागतो. १८५५च्या पॅरिस प्रदर्शनात फ्रेंच संगीतकार बर्लिओझपुढे बाराशेच्या आसपास गायक-वादक होते. एका काठीने एवढा जमाव आवरणं अशक्य. त्याने ब्रसेल्सच्या वेरब्रुग नावाच्या कारागिराकडून विजेवर चालणारा मेट्रोनोम लावून घेतला, आणि स्वतः ठोका देत तारेवरून तो साहाय्यक संचालकांपर्यंत पोचवला. संगीतातला उशीर तारेने मोडल्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण, टेलिफोनहून दोन दशकं जुनं. तारेवरून फक्त ठोका गेला, आवाज नाही, हेही ध्यानात ठेवण्यासारखं.

या उशिराचं मोजमाप स्टॅनफर्ड विद्यापीठात झालं. ख्रिस चेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या जोड्या वेगवेगळ्या खोल्यांत बसवल्या, कानांना हेडफोन लावले आणि एकमेकांत गुंफलेल्या टाळ्या वाजवायला सांगितल्या. मधला उशीर यंत्राने कमीजास्त केला. उशीर वाढला की लय पडते, हे अपेक्षितच होतं. मी तुझ्या टाळीसाठी क्षणभर थांबतो, तू माझ्या उशिरा आलेल्या टाळीसाठी थांबतोस, आणि हे थांबणं साठत जातं. चकित करणारी गोष्ट दुसऱ्या टोकाला निघाली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उशीर ११.५ मिलिसेकंदांहून कमी केला की लय हळूहळू वाढू लागते. माणूस दुसऱ्याची टाळी ऐकून मग हात उचलत नाही, अंदाजाने आधीच उचलतो, आणि थोडासा उशीर या उतावीळपणाला आळा घालतो असं दिसतं. साडेअकरा मिलिसेकंद म्हणजे हवेतले चार मीटर, एका बेताच्या खोलीची लांबी. शून्य उशीर हे ध्येयच नव्हे, हे एकदा कळल्यावर प्रश्नाचं रूप पालटलं. तारेला खोलीएवढं करता आलं की पुरे.

चेफ यांच्या चमूने ती खोली बांधायला घेतली २०००च्या सुमारास, ‘साउंडवायर’ या प्रकल्पात. आधी मोडला तो आवाज आवळण्याचा संकेत: ध्वनी जसाच्या तसा पाठवायचा. सीडीच्या दर्जाच्या दोन वाहिन्यांना सेकंदाला १४ लाख बिट लागतात आणि त्या काळी घरोघरचा मोडेम ५६ हजारांवर अडकलेला, त्यामुळे हे प्रयोग विद्यापीठांच्या वेगवान जाळ्यावरच होऊ शकले. त्यातून ‘जॅकट्रिप’ ही आज्ञावली आली. इटलीत त्रिएस्तेच्या तार्तिनी संगीत विद्यालयाने तिथल्या शैक्षणिक जाळ्याच्या मदतीने ‘लोला’ ही यंत्रणा घडवली आणि २०१०मध्ये त्रिएस्ते आणि पॅरिस यांच्यात जाहीर वादन केलं. सुमारे हजार किलोमीटरच्या वाटेला प्रकाशाला पाच-सहा मिलिसेकंद लागतात. यंत्रांतला वेळ छाटला की उरलेला उशीर सोसण्याजोगा राहतो. पण या सोयी होत्या निवडक संस्थांकडे.

घरापर्यंत ही गोष्ट आणली ती हौशी अभियंत्यांनी. जर्मनीत फोल्कर फिशर यांनी २००६मध्ये सुरू केलेली आज्ञावली पुढे ‘जॅम्युलस’ झाली. ती आवाज आवळते, पण २०१२मध्ये प्रमाण ठरलेल्या ‘ओपस’ या कोडेकच्या, म्हणजे आवाज आवळण्याच्या पद्धतीच्या, आधाराने, तीनेक मिलिसेकंदांच्या तुकड्यांत. माझ्या मुद्द्याचा सर्वांत भक्कम पुरावा इथेच आहे. ब्राउझरमधल्या व्हिडिओ कॉलमध्येही हाच ओपस असतो, फक्त तिथे तो सहसा २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतो. हत्यार एकच, कोणासाठी चालवायचं यावर सगळं अवलंबून. जॅम्युलसचा वापरणाऱ्यांवरचा जाचही सांगायला हवा: वायफाय नको, केबल लावा, स्पीकर नको, हेडफोन घ्या, आणि स्वतःच्या गळ्याचा आवाजही सर्व्हरवरून परत आलेलाच ऐका, म्हणजे सगळ्यांच्या वाट्याला एकच मिश्रण येईल. बरेच जण इथेच कंटाळतात.

मार्च २०२०पर्यंत या गोष्टींची पर्वा फारशी कोणाला नव्हती. १० मार्चला वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅली कोराल या गायनवृंदाच्या तालमीला ६१ जण जमले. खात्रीचे आणि संशयित धरून ५३ जणांना कोविड झाला, दोघे दगावले. एकत्र गाणं हाच धोका ठरल्यावर जगभरच्या गायनवृंदांनी व्हिडिओ कॉल उघडले आणि बोलण्यासाठी बांधलेल्या यंत्रणेने गाण्याचं काय होतं ते सगळ्यांना एकदमच कळलं. त्याच वर्षी जूनमध्ये यामाहाने जपानमध्ये ‘सिंकरूम’ आणलं. जॅम्युलस आणि जॅकट्रिपकडे लोंढा वळला.

यावर आक्षेप असा की माणसं उशिरालाही सरावतात. मोठ्या चर्चमधला ऑर्गनवादक स्वतःचे सूर लक्षात येण्याइतके उशिरा ऐकतो, तरी बिनचूक वाजवतो. आणि संगीतकार एरिक व्हिटेकर यांनी २०१०मध्ये १२ देशांतल्या १८५ गायकांचं चित्रण जोडून समूहगान उभं केलंच की! दोन्ही खरं आहे, पण दोन्हीकडे परस्परांचं ऐकणं नाही. ऑर्गनवादक बोटांवर भरवसा ठेवून कानाकडे दुर्लक्ष करतो. व्हिटेकरांचे गायक आपापल्या घरी ध्वनिमुद्रित इशाऱ्यावर एकटेच गायले. तालमीत एकाने ओढलं तर दुसऱ्याने सैल सोडायचं असतं, आणि ते दोघांना एकमेकांचं वेळेवर ऐकू आलं तरच जमतं.

दुसरा आक्षेप प्रकाशाचा, आणि तो मान्य करावाच लागतो. मुंबई ते कॅलिफोर्निया सरळ रेषेत साडेतेरा हजार किलोमीटर. म्हणजे एका बाजूचे ६५-७० मिलिसेकंद यंत्रांच्या आधीच खर्च, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. परदेशातल्या मराठी घरांत पुण्या-मुंबईच्या गुरूंकडून व्हिडिओ कॉलवर शिकणं रुळलं, कारण गुरूने म्हणायचं आणि शिष्याने मागून म्हणायचं ही तालीम मुळात संभाषणाच्याच घाटाची आहे. ठेका मात्र शिष्याच्या टोकाला लावावा लागतो, म्हणजे गळा आणि तबला गुरूपर्यंत सारख्याच उशिराने पोचतात. गुरूने इकडून ठेका धरला तर सम कधीच जुळत नाही.

या मर्यादेला वळसा घालण्याचे दोन प्रयत्न झाले. २००५च्या ‘निंजॅम’ या आज्ञावलीने उशीर कमी करायचा नादच सोडला आणि तो मुद्दाम एका पूर्ण आवर्तनाएवढा वाढवला: तुम्ही वाजवता ते इतरांनी मागच्या आवर्तनात वाजवलेल्यावर. तीनतालाच्या लेहऱ्याला हे चालून जाईल. सवालजवाबात उत्तर आवर्तनभर उशिरा येईल. एमआयटीत मिहिर सरकार यांनी २००७मध्ये ‘तबलानेट’ केलं. त्यात एका टोकाचा संगणक बोल ओळखून त्यांची फक्त नावं पाठवतो, आणि दुसऱ्या टोकाचा संगणक आधीच्या बोलांवरून पुढच्याचा अंदाज बांधून तो वाजवतो. धा धिं धिं धा इतकं ठरलेलं असेल तोवर हे निभतं. तबलजीने अवचित तिहाई उचलली, की पलीकडच्या संगणकाकडे अंदाज बांधायला मागचा ठेकाच असतो.