एवढ्याशाने काय होते?

पंगतीत एखाद्याने पानावर हात आडवा धरून "मला दाण्याचे चालत नाही" असे म्हटले, की दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले, "अहो, एवढ्याशाने काय होते?" दुसरे, जरा हळू आवाजात, "मनाचे खेळ आहेत सगळे!" सणासुदीच्या आग्रहात ही वाक्ये प्रेमापोटीच बोलली जातात. पण अन्नाच्या ॲलर्जीचा, म्हणजे आपल्या भाषेत वावड्याचा, इतिहास पाहिला तर या दोन्ही समजुती प्रयोगांनी कधीच खोट्या ठरवल्या आहेत.

पहिल्या समजुतीला धक्का बसला तो समुद्रावरच्या एका सफरीतून. १९०१ साली मोनॅकोचे राजपुत्र पहिले आल्बेर यांच्या संशोधन नौकेवर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ फायझेलिया या दंश करणाऱ्या सागरी प्राण्याच्या विषाचा अभ्यास करीत होते. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचे विष घेऊन कुत्र्यांवर प्रयोग चालू ठेवले. थोडे थोडे विष टोचले तर लसीप्रमाणे संरक्षण मिळेल, अशी अपेक्षा होती. नेपच्यून नावाच्या कुत्र्याने पहिली मात्रा सहज सोसली. बावीस दिवसांनी, तो ठणठणीत असताना, तेवढीच मात्रा पुन्हा टोचली आणि पंचवीस मिनिटांत तो मेला. मात्रा तीच, पण शरीर बदलले होते! संरक्षणाच्या उलट घडले म्हणून १९०२ मध्ये त्यांनी या प्रकाराला 'ॲनाफायलॅक्सिस' हे नाव दिले. १९१३ चे नोबेल पारितोषिक रिशे यांना याच कामासाठी मिळाले.

१९०६ मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी शरीराच्या या बदललेल्या प्रतिसादासाठी दोन ग्रीक शब्दांपासून 'ॲलर्जी' ही संज्ञा बनवली. दोष पदार्थात नसून खाणाऱ्याच्या शरीरात झालेल्या बदलात आहे, ही कल्पना त्या शब्दातच आहे. पण हा बदल नेमका कुठे असतो?

याचे उत्तर देणारा प्रयोग १९२१ मध्ये ब्रेस्लाऊ येथे झाला. हे शहर आज पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्सवाफ आहे. तेथील हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरांना शिजवलेल्या माशाचे वावडे होते. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ मासे निर्धास्त खात. क्युस्टनर यांच्या रक्तातले सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारे पिवळसर पाणी, प्राउस्निट्झ यांनी आपल्या पोटाच्या कातडीत टोचून घेतले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तर तेवढ्याच जागी खाजरी गांध उठली! एकाचे वावडे दुसऱ्याच्या कातडीत उतरले होते. मनाचा खेळ सुईतून जात नाही; म्हणजे रक्तात खरोखरच काहीतरी होते. (हा प्रयोग कोणी करून पाहू नये. सीरममधून कावीळ पसरण्याच्या धोक्यामुळे ही चाचणी पुढे सोडून द्यावी लागली.)

ते 'काहीतरी' हाती यायला आणखी पंचेचाळीस वर्षे लागली. अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने, तर स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिक यांनी, १९६६-६७ च्या सुमारास स्वतंत्रपणे एक नवे प्रतिपिंड शोधले. १९६८ मध्ये त्याचे नाव 'आयजीई' असे ठरले. हे प्रतिपिंड कातडी, श्वासमार्ग आणि आतडे यांतील मास्ट पेशींवर जाऊन बसते. नेमके प्रथिन पुन्हा भेटले, की पेशी हिस्टामिनसारखी रसायने एकदम बाहेर टाकतात. मग अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, कधी श्वास कोंडतो आणि रक्तदाब कोसळतो. मात्रेला महत्त्व नसते असे नाही. पण काहींना पुरेशी होणारी मात्रा कुटाच्या चिमटीहूनही कमी असू शकते.

प्रत्येक 'चालत नाही' म्हणजे ॲलर्जी नव्हे. दुधातली साखर पचवणारे विकर कमी पडले तर पोट बिघडते, पण त्यात असा धोका नसतो. मात्र कोणाचे काय आहे याची परीक्षा पंगतीत घेता येत नाही. आपल्या उपवासाच्या फराळात दाण्याचे कूट जवळजवळ सगळीकडे असते; कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात ते दिसतही नाही. एका पदार्थातला डाव दुसऱ्यात गेला तरी पुरते. बंद पाकिटांवर दाणे, दूध, अंडी, मासे, गहू, सोयाबीन यांसारख्या घटकांची नोंद करणे आपल्याकडच्या २०२० च्या नियमांनुसार आवश्यक आहे. घरच्या पातेल्यावर लेबल नसते. तेथे स्वयंपाक करणाऱ्यानेच सांगायला हवे.

शाळेची सहल, स्नेहसंमेलन, वर्गातला वाढदिवस या वेळी शिक्षकांनी पालकांना आधीच विचारून घ्यावे आणि अशा मुलाचे ताट आधी, वेगळ्या डावाने वाढावे. खाल्ल्यावर श्वास लागला किंवा मूल गळून गेले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याला आडवे झोपवावे, धाप असेल तर बसू द्यावे आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. तेथे मांडीत दिले जाणारे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हा पहिला उपचार आहे. आणि ज्याने हात आडवा धरला, त्याला पुन्हा आग्रह करू नये.