व्हॅलोरंटमध्ये 'सेंटिनेल' नेमकं काय करतो? स्कोअरबोर्डवर तळाला दिसणारा खेळाडू मॅच कशी वाचवतो

व्हॅलोरंटची मॅच हरली की टीममधला पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात कमी किल कुणाचे? बऱ्याचदा ते नाव सेज, सायफर किंवा किलजॉय घेऊन खेळणाऱ्याचं निघतं. मग व्हॉइस चॅटवर त्याचा उद्धार होतो आणि पुढच्या मॅचमध्ये तोही वैतागून जेट किंवा रेना निवडतो. परिणामी पाचातले तीन-चार जण पुढे धावणारे आणि मागे कुणीच नाही, अशी टीम तयार होते. अशी टीम सहसा हरते, आणि का हरली हे कुणाला कळत नाही.

ही मागे थांबण्याची जबाबदारी ज्याची असते, तो सेंटिनेल.

आधी खेळ थोडक्यात

रायट गेम्सने व्हॅलोरंट २ जून २०२० रोजी आणला. पाच विरुद्ध पाच असा हा खेळ. एक टीम अटॅक करते, म्हणजे 'स्पाइक' नावाचा बॉम्ब ठरलेल्या जागी, म्हणजेच साइटवर, लावायला जाते. दुसरी टीम डिफेंड करते. एक राउंड १०० सेकंदांचा. स्पाइक लावायला ४ सेकंद लागतात, लावल्यावर ४५ सेकंदांत तो फुटतो आणि निकामी करायला ७ सेकंद लागतात. जी टीम आधी १३ राउंड जिंकेल ती मॅच जिंकते. १२ राउंड झाले की बाजू बदलतात.

एजंटचे चार प्रकार आहेत. ड्युएलिस्ट पुढे घुसतो, इनिशिएटर शत्रू कुठे लपलाय ते शोधून देतो, कंट्रोलर धूर सोडून वाटा झाकतो आणि सेंटिनेल जागा धरून ठेवतो. (भारतीय एजंट हार्बर सेंटिनेल असावा असं अनेकांना वाटतं, पण तो कंट्रोलर आहे.)

सगळा खेळ वेळेचा आहे

डिफेंडर पाच असतात आणि साइट किमान दोन. हेवन आणि लोटस या मॅपवर तर तीन साइट आहेत. यातला लोटस मॅप गेमच्या कथेत आपल्या पश्चिम घाटात वसलेला आहे, हे खेळणाऱ्या अनेक मराठी मुलांनाही माहीत नसतं. तीन साइट आणि पाच माणसं म्हटल्यावर एखाद्या साइटवर एकट्यालाच उभं राहावं लागणार, हे साधं गणित आहे. या एकट्या उभ्या राहणाऱ्याला खेळाडू 'अँकर' म्हणतात. हे काम बहुतेक वेळा सेंटिनेलकडे येतं, कारण त्याच्या हाताखाली यंत्रं, तारा, भिंती असतात. माणूस एक असला तरी पहारा दोघा-तिघांचा होतो.

समोरून पाच जण आले तर एकट्याने पाचही जणांना मारावं, अशी अपेक्षा नसते. त्याने त्यांना काही सेकंद अडवायचं असतं, तेवढ्यात बाकीचे चौघे दुसऱ्या साइटवरून पोहोचतात. सेंटिनेलचं यश मोजायचं तर ते सेकंदांत मोजावं लागेल. गेम मात्र ते मोजत नाही.

एक उदाहरण घेऊ. असेंट मॅप, बी साइट, आणि तिथे एकटी किलजॉय. तिने टरेट अशा जागी लावलंय की 'बी मेन' या वाटेने कुणी आलं की ते आपोआप गोळ्या झाडेल. वाटेच्या तोंडाशी नॅनोस्वॉर्म दडवलाय, जो तिने कळ दाबेपर्यंत शांत राहतो. पाचही अटॅकर बी मेनमध्ये शिरतात. आता तिच्यापुढे दोन पर्याय आहेत.

पहिला: डोकावून पाहायचं आणि झाडायचं. नेम चांगला असेल तर एक जण पडेल, पण उरलेल्या चौघांपैकी कुणीतरी तिला टिपणार. किलजॉय मेली की तिचं टरेट आणि अलार्मबॉटही बंद पडतात. स्कोअरबोर्डवर एक किल, एक डेथ, म्हणजे हिशोब बरोबर. प्रत्यक्षात साइट मोकळी झालेली असते आणि चार विरुद्ध चारच्या लढतीत समोरचे आता दबा धरून बसलेले असतात.

दुसरा: टरेट वाजताच 'बीवर तीन तरी आहेत' एवढं सांगायचं, ते वाटेतून बाहेर पडायला लागले की नॅनोस्वॉर्म फोडायचा आणि स्वतः मागे 'मार्केट'कडे सरकायचं. अटॅकर एकतर थांबतील किंवा रक्त गमावून आत येतील. स्पाइक लावायला त्यांचे आणखी चार सेकंद जातील. तोवर टीममेट आलेले असतात, किलजॉय जिवंत असते आणि साइट परत घ्यायला ४५ वजा ७, म्हणजे साधारण ३८ सेकंद हातात असतात. सात सेकंदांचं निकामी करणं अर्ध्यावर, म्हणजे साडेतीन सेकंदांवर पोहोचलं की तेवढं काम जमा राहतं आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू करता येतं. त्यामुळे ही लढत वाटते तितकी हातची गेलेली नसते.

दुसऱ्या पर्यायात तिच्या नावावर एकही किल नाही.

स्कोअरबोर्ड तिला कमी का दाखवतो?

यादीत खेळाडूंचा क्रम 'कॉम्बॅट स्कोअर'वर ठरतो. शत्रूचं जेवढं नुकसान केलं तेवढे गुण मिळतात, शिवाय प्रत्येक किलचे वेगळे. समोरचे पाचही जिवंत असताना केलेल्या किलला १५० गुण, मग १३०, ११०, ९० असे उतरत शेवटच्या किलला फक्त ७०. म्हणजे राउंडच्या सुरुवातीला घुसून पहिला बळी घेणाऱ्याला दुप्पट बक्षीस. सेंटिनेलच्या वाट्याला किल येतात ते बहुधा राउंडच्या उत्तरार्धात. गोळी न झाडता केलेल्या मदतीचे थोडे गुण मिळतात, पण तार लावलीय म्हणून ज्या वाटेने कुणी आलंच नाही, त्या वाटेचा एकही गुण मिळत नाही.

कबड्डी पाहणाऱ्याला हे पटकन समजेल. चढाईपटूचे गुण पाटीवर लगेच दिसतात. कोपऱ्यातला खेळाडू मात्र पाय आपल्या टप्प्यात येण्याची वाट पाहत उभा असतो, आणि त्याने घाईने पकड टाकली तर गुण चढाई करणाऱ्यालाच जातो. सेंटिनेलची सर्वात मोठी चूकही हीच: घाईची पकड.

कोण कोण आहेत, आणि नवख्याने कुणाला घ्यावं?

सेज ही सुरुवातीपासूनची एजंट. ती भिंत उभी करते, जमिनीवर बर्फ पसरून पावलं मंद करते, जखमी साथीदाराला बरं करते आणि तिच्या अंतिम शक्तीने मेलेल्या साथीदाराला परत उठवते. बरं करणारी म्हणजे सोपी, असं समजून नवे खेळाडू तिला घेतात. पण तिच्याकडे पहारा देणारं एकही यंत्र नाही. पाठीमागून कुणी आलं तर सेजला ते इतरांइतकंच उशिरा कळतं. त्यामुळे टीममध्ये सेज आहे म्हणजे सेंटिनेलची जागा भरली, हे अर्धंच खरं.

मोरोक्कोचा सायफर हा खरा हेर. दोन अदृश्य तारा, एक छुपा कॅमेरा आणि धुरासारखे पिंजरे. तारेत अडकलेला शत्रू जागीच जखडला जातो आणि भिंतीपलीकडूनही दिसतो. अंतिम शक्ती वापरून तो मेलेल्या शत्रूच्या देहावरून जिवंत शत्रूंचा ठावठिकाणा काढतो. सायफर खेळायला मॅप पाठ असावा लागतो. तार गुडघ्याच्या उंचीवर लावायची की थोडी वर, कोपऱ्याच्या अलीकडे की पलीकडे, यावर राउंड फिरतात.

जर्मनीची किलजॉय ऑगस्ट २०२० मध्ये आली. नवख्यांसाठी तीच सर्वात बरी, कारण तिचं टरेट स्वतःच बोलतं. मात्र ती यंत्रांपासून ४० मीटरच्या पलीकडे गेली की टरेट आणि अलार्मबॉट झोपी जातात. 'बीवर टरेट लावलंय' म्हणून निश्चिंत होऊन ए साइटवर पळणाऱ्या किलजॉयच्या मागून शत्रू आरामात चालत येतो. तिची अंतिम शक्ती 'लॉकडाउन' सुरू व्हायला १३ सेकंद घेते. तेवढ्यात शत्रूने ते यंत्र शोधून फोडलं नाही तर आवाक्यातल्या सगळ्यांच्या हातातल्या बंदुका निकामी होतात. साइट परत घेताना याच्यासारखं हत्यार नाही.

नॉर्वेची डेडलॉक जून २०२३ मध्ये आणि काटेरी धातूची वाईस ऑगस्ट २०२४ मध्ये आली. दोघी प्रभावी आहेत, पण त्यांच्या साधनांचा नेमका क्षण साधावा लागतो.

फ्रान्सच्या चेंबरची गोष्ट वेगळी. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या या एजंटकडे स्वतःची स्नायपर बंदूक होती आणि एक किल घेऊन क्षणात मागे सटकण्याची सोय होती. घाईची पकड चुकली तरी त्याला शिक्षा होत नव्हती. त्यामुळे २०२२ मध्ये व्यावसायिक सामन्यांत जिकडेतिकडे चेंबर दिसू लागला, जुने सेंटिनेल अडगळीत गेले. अखेर त्या वर्षाच्या शेवटी रायटने त्याची ताकद बरीच कापली आणि किलजॉयचे दिवस परत आले. सेंटिनेलला ड्युएलिस्टची मोकळीक दिली की त्या भूमिकेचं काय होतं, हे या एका वर्षात सगळ्यांनी पाहिलं.

अटॅक करताना काय करायचं?

बाजू बदलली की अनेक सेंटिनेल गोंधळतात. राखायला साइट नाही, मग करायचं काय? काम तेच असतं, फक्त तोंड मागे वळतं. टीम साइटकडे निघाली की मागच्या वाटेवर तार किंवा अलार्मबॉट सोडायचा, म्हणजे चार जणांना पाठीमागे वळून बघावं लागत नाही. स्पाइक लागल्यावर भूमिका पुन्हा डिफेंडरचीच होते. स्पाइकजवळ आधीच नॅनोस्वॉर्म ठेवलेला असेल, तर निकामी करायला शत्रू बसल्याचा आवाज येईपर्यंत थांबायचं आणि मग कळ दाबायची.

सर्रास होणाऱ्या चुका

प्रत्येक राउंडला तीच तार, तीच जागा. समोरच्याला दोनदा कळलं की तिसऱ्यांदा तो कोपऱ्यातून बाहेर येण्याआधीच टरेटवर गोळी झाडतो. मांडणी बदलत राहायला हवी. कधी तर नेहमीची जागा मुद्दाम रिकामी ठेवली तरी शत्रू तिथे दोन-तीन सेकंद वाया घालवतो.

दुसरी चूक बोलण्याची. एकदा अलार्म वाजला की 'सगळे इकडेच आलेत, या या' असं ओरडणं. एका माणसाने तार तोडून आवाज केला आणि चौघे दुसरीकडून शिरले, ही जुनी हूल आहे. जे ऐकलं, जे दिसलं, तेवढंच सांगायचं: किती पावलं, स्पाइक दिसला की नाही. अंदाज असेल तर अंदाज म्हणून सांगायचा.

तिसरी चूक टीममेटची. एकट्या अँकरला 'धरून ठेव' म्हणायचं आणि आपण यायचंच नाही. सेंटिनेलने दिलेले दहा सेकंद कुणी वापरले नाहीत, तर ते त्याने दिले काय आणि न दिले काय.

ही भूमिका नवी नाही

१९९६ मध्ये 'क्वेक'वर आधारित 'टीम फोर्ट्रेस' आला, तेव्हापासून शूटर गेममध्ये यंत्रं लावून जागा राखणारा इंजिनिअर आहे. २००७ च्या 'टीम फोर्ट्रेस २' मधलं त्याचं स्वयंचलित टरेट तर प्रसिद्धच झालं. काउंटर-स्ट्राइकमध्ये विशेष शक्ती नसतात, तरी साइटवर एकटा थांबणारा अँकर तिथेही असतोच. 'रेनबो सिक्स सीज'ने २०१५ मध्ये अर्धा खेळच भिंती मजबूत करण्याभोवती उभा केला. व्हॅलोरंटने या सगळ्यांचं काम एका नावाखाली आणलं.

व्यावसायिक पातळीवर या भूमिकेला मान आहे. २०२१ मध्ये बर्लिनची मास्टर्स स्पर्धा जिंकणाऱ्या गँबिट संघाचा रशियन खेळाडू नॅट्स हा कडेला थांबून, एकट्याने अर्धा मॅप ताब्यात ठेवण्यासाठी ओळखला जातो. तुर्कस्तानचा अल्फाजेर २०२३ मध्ये फ्नॅटिककडून सेंटिनेल खेळत होता आणि त्या वर्षी संघाने साओ पावलो व टोकियो इथल्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. मुंबईचा ग्लोबल ईस्पोर्ट्स संघ २०२३ पासून पॅसिफिक लीगमध्ये खेळतो, त्यामुळे भारतीय प्रेक्षकांनाही वरच्या दर्जाचे सामने आपल्या संघाचे म्हणून पाहता येतात. असा सामना पाहताना कॅमेरा जिकडे गोळीबार तिकडे वळतो. छोट्या नकाशावरचा तो एकटा ठिपका पाहत राहिलं, तर सेंटिनेल कधी पुढे सरकतो आणि कधी मागे येतो हे लवकर लक्षात येतं.

सुरुवात करायची तर गेममधल्या 'कस्टम' मोडमध्ये एकट्याने मॅप उघडता येतो. शत्रू नसतात, घाई नसते. किलजॉय घेऊन एका साइटवर टरेटच्या तीन वेगळ्या जागा शोधायच्या, मग अटॅकरच्या वाटेने स्वतः चालत यायचं आणि टरेट आधी दिसतं की टरेटला आपण आधी दिसतो, ते तपासायचं. एका मॅपला अर्धा तास पुरतो.