हेगच्या बाजारातलं अळू

द हेगच्या मोठ्या बाजारात सुरीनामी माणसाच्या गाळ्यावर ती पानं पहिल्यांदा दिसली तेव्हा मी जवळजवळ ओरडलोच, "अळू!" तो शांतपणे म्हणाला, "तायरब्लाट." दोन जुड्या घेतल्या, घरी येऊन पंधरा मिनिटांत फतफतं उरकलं आणि रात्रभर घसा खाजत राहिला. चूक माझीच. भरपूर चिंच घातली की झालं, अशी माझी समजूत होती.

मुळात ते आपलं अळू नव्हतंच. आपलं अळू आशियातलं. तायर हा त्याचा अमेरिकेतला चुलतभाऊ. अळवाचा देठ पानाच्या कडेपासून थोडा आत जोडलेला असतो, तायरचा थेट खाचेच्या टोकाशी. खाज मात्र दोघांचीही सारखीच!

आता हे पान हेगमध्ये कसं? डचांनी सुरीनाममधली गुलामगिरी १ जुलै १८६३ ला संपवली, पण सुटलेल्यांना आणखी दहा वर्षं मळ्यांवर राबायला लावलं. ती मुदत सरत आली तसे मळेवाल्यांनी हिंदुस्तानातून करारावर मजूर आणले. 'लाला रुख' हे पहिलं जहाज कलकत्त्याहून निघून जून १८७३ मध्ये तिथे पोचलं, सुमारे चारशे माणसं घेऊन. १९१६ पर्यंत हा आकडा चौतीस हजारांच्या घरात गेला. बहुतेक लोक बिहार-पूर्वांचलातले. त्यांच्या मुलखात अळवाच्या पानांना डाळीचं पीठ लावून 'रिकवच' करतात, म्हणजे आपली अळूवडीच की! तायरचं पान कसं रांधायचं हे त्यांना कुणी शिकवायची गरज पडली नसावी. पुढे १९७५ मध्ये सुरीनाम स्वतंत्र झाला, त्या सुमारास हजारो कुटुंबं हॉलंडात आली, बरीचशी हेगमध्येच. त्यांच्यामागोमाग भाजीही आली.

गंमत म्हणजे खाजेचा इतिहासही इथलाच. शेजारच्या डेल्फ्ट गावात अँटनी फान लेवेनहूक हा कापडविक्या घरी घासलेल्या भिंगांतून दिसेल ते बघत बसे. वनस्पतींमधले कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक सतराव्या शतकात पहिल्यांदा पाहिल्याचं श्रेय त्यालाच देतात. अळवात या स्फटिकांच्या सूक्ष्म सुया असतात. त्या टोचतात, आणि टोचल्या जागी पानातलं एक झोंबरं प्रथिन आत शिरतं. उकळल्याने सुया विरघळत नाहीत, मोडतं ते प्रथिन. म्हणून वेळ द्यावाच लागतो. चिंचेलाही या सुया सहजी दाद देत नाहीत.

बाकी पान गुणी आहे. शंभर ग्रॅम कच्च्या पानात सुमारे ५ ग्रॅम प्रथिनं, ५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व (शिजवताना त्यातलं बरंच जातं), शिवाय भरपूर बीटा-कॅरोटिन. कॅल्शियमही शंभरावर मिलिग्रॅम, पण त्यातलं बरंचसं ऑक्झलेटमध्येच अडकलेलं. तेव्हा "हाडांसाठी अळू खा" हा सल्ला मला अर्धाच पटतो. मुतखड्याची तक्रार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊच नये.

आता मी हाताला तेल लावून देठ सोलतो, पानं चिरून भरपूर पाण्यात पाऊण तास उकळतो आणि ते पाणी ओतून देतो, कारण विरघळणारं ऑक्झलेट त्यात उतरतं. मगच डाळ, दाणे, चिंच, गूळ. सोबत दही असतंच, त्यातलं कॅल्शियम उरलेलं ऑक्झलेट पोटात बांधून ठेवतं. वाढण्याआधी चिमूटभर भाजी जिभेच्या टोकावर ठेवून पाहतो. चुरचुरली तर पातेलं पुन्हा गॅसवर!