करार कापणारी भाषा

बायबलच्या पहिल्या भागाला मराठीत ‘जुना करार’ म्हणतात. हे नाव ख्रिस्ती परंपरेतले. ज्यूंसाठी तो ‘तनाख’. ‘करार’ हा शब्द मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि इथलाच झाला. ठरणे, स्थिरावणे हा त्याचा मूळ अर्थ ‘करारी बाणा’त अजून जिवंत आहे. ‘भाडेकरार’ म्हटले की मात्र डोळ्यांपुढे स्टॅम्पपेपर येतो, आणि त्यामागच्या हिब्रू शब्दातले रक्त आणि धूर हरवतात.

तो हिब्रू शब्द ‘ब्रीत’. त्याच्या व्युत्पत्तीवर अभ्यासकांचे एकमत नाही. काहीजण तो अक्कादी भाषेतल्या बेडी या अर्थाच्या शब्दाशी जोडतात. माझे लक्ष जाते ते त्याच्या क्रियापदाकडे. हिब्रूत करार करत नाहीत, ‘कापतात’: ‘कारत ब्रीत’. आपल्याकडे काडी मोडून नाते संपवत. तिथे वासरू कापून नाते जोडत. अलेप्पोजवळच्या सफीरे इथे इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकातला एक अरामी शिलालेख सापडला आहे. त्यातल्या तहात बजावले आहे, की शब्द फिरवणाऱ्या राजाची गत या कापलेल्या वासरासारखी होवो.

जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातही हेच दिसते. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला तेव्हा राजा सिद्कीया आणि तिथल्या सरदारांनी आपले हिब्रू दास मोकळे करण्याचा करार केला. वासरू कापून त्याच्या दोन भागांमधून ते चालत गेले. पुढे वेढा सैलावला आणि त्यांनी त्याच दासांना पुन्हा कामाला जुंपले. त्यावर संदेष्टा सांगतो: तुमचेही त्या वासरासारखेच होईल. तुकड्यांमधून चालणे म्हणजे स्वतःच्या गळ्यावर सुरी ठेवून शब्द देणे.

हे मनात ठेवून उत्पत्तीच्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय वाचावा. देवाशी करार होताना अब्राम तीन वर्षांची कालवड, शेळी आणि मेंढा मधोमध कापून समोरासमोर मांडतो. बरोबर आणलेले पक्षी मात्र कापत नाही. मांसावर झेपावणारी गिधाडे हाकत बसतो. सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागते. अंधार पडतो, आणि धुमसणारी भट्टी आणि पेटती मशाल त्या तुकड्यांमधून जाते. भट्टीसाठी मूळ शब्द ‘तन्नूर’. आपला ‘तंदूर’ त्याच कुळातला. ही आग म्हणजे देवाची उपस्थिती. अब्राम तुकड्यांमधून चालतच नाही. त्या काळच्या तहांत शापाचे ओझे बहुधा दुबळ्या मांडलिकावर पडे. इथे ते समर्थ पक्षाने आपल्या अंगावर घेतले. हिब्रू धर्मविचारातली मला सर्वांत धाडसी वाटणारी कल्पना हीच.

दोनच अध्यायांनी माणसाच्या अंगावरही खूण येते: आठव्या दिवशीची सुंता. ‘ब्रीत’ हा शब्द आज त्या विधीचेही नाव आहे, आणि कोकणातल्या बेने इस्राएलांनी तो विधी पिढ्यानुपिढ्या जपला. गणनेच्या पुस्तकात ‘मिठाचा करार’ भेटतो, म्हणजे कधीही न नासणारा. खाल्ल्या मिठाला जागणाऱ्या आपल्या भाषेला तो समजावून सांगावा लागत नाही.

अलेक्झांड्रियातल्या यहुदी भाषांतरकारांनी इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकापासून हे ग्रंथ ग्रीकमध्ये नेले. बरोबरीच्या लोकांतल्या तहासाठी ग्रीकमध्ये ‘सिंथेके’ होता. त्यांनी निवडला ‘दियाथेके’, ज्याचा रूढ अर्थ मृत्युपत्र. देणारा एकच, हे त्यातून नेमके उतरले. त्याचेच लॅटिनमध्ये ‘टेस्टामेंटम’ झाले आणि इंग्रजीत ‘टेस्टामेंट’.

तरी मराठीने ‘करार’ घेतला, हे मला मनापासून योग्य वाटते. मृत्युपत्र लिहिणारा हयात नसतो, त्याच्याशी वाद घालता येत नाही. ब्रीतमधला देव समोर उभा असतो. सदोम नगराचा नाश ठरल्यावर अब्राहाम, म्हणजे तोच अब्राम, त्याला अडवतो: पन्नास नीतिमान सापडले तर नगर वाचवशील ना? पंचेचाळीस? चाळीस? तीस? वीस? अशी घासाघीस करत तो दहावर येतो. प्रत्येक आकड्याला देव ‘हो’ म्हणतो.