हवाई अंतर पंचवीस किलोमीटर

दमणच्या धावपट्टीपासून दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासापर्यंत सरळ रेघ ओढली, तर ती जेमतेम २५ किलोमीटर भरते. विमानाला हे काही मिनिटांचे काम. लिस्बन मात्र दमणपासून सुमारे ७,९०० किलोमीटर दूर. तरीही पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या सात वर्षांत लिस्बनचा माणूस दमणला पोचत असे. दमणचा पोर्तुगीज शिपाई सिल्वासाला पोचू शकत नसे. अंतर किती, यापेक्षा मधली जमीन आणि तिच्यावरचे आकाश कोणाचे, यावरच प्रवास ठरतो, हे दादरा-नगर हवेलीइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते.

या गुंत्याचे मूळ पुणे दरबारात आहे. १७७९ च्या तहाने पेशव्यांनी पोर्तुगीजांना १२,००० रुपये उत्पन्नाची गावे देऊ केली आणि १७८३ मध्ये नगर हवेली त्यांच्याकडे गेली. दिला होता तो सरंजाम, म्हणजे वसुलीचा हक्क. सार्वभौमत्व पुढे इंग्रजांच्या मूक मान्यतेने आले. पण दमणहून तिथे जाण्याची वाट परक्या मुलखातूनच राहिली. माल आणि मुलकी अधिकारी बिनबोभाट ये-जा करीत. १८७८ च्या करारानंतर सशस्त्र तुकडीला मात्र आधी परवानगी मागावी लागे. जुलै १९५४ मध्ये दादरा स्वातंत्र्यसैनिकांनी मुक्त केले, तेव्हा भारताने ही वाट बंद केली आणि २ ऑगस्टला सिल्वासाही मुक्त झाले.

यावर कोणी म्हणेल, ठाणी मुळातच दुबळी होती. त्यात अंतराचा काय संबंध? पण लहान ठाणे टिकते ते मागून कुमक येईल या भरवशावर, आणि तुटला तो भरवसाच. दुसरा आक्षेप विमानांचा. १९५५ मध्ये पोर्तुगीज भारताची स्वतःची विमानसेवा सुरू झाली. गोवा, दमण, दीव आणि कराची जोडले गेले. ती वर्षभर आधी आली असती तर? तरीही सिल्वासाला धावपट्टी नव्हती, आणि १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण ताबा असतो. समुद्रावरून दमण गाठता येई. सिल्वासाच्या चहूबाजूंना भारतच होता. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी पोर्तुगालचा वाटेचा हक्क मुलकी माणसे आणि मालापुरता मानला, सैन्य आणि शस्त्रांसाठी नाकारला, आणि भारताने वाट अडवण्यात कर्तव्यभंग केला नाही असेही ठरवले.

सिल्वासाला आजही विमानतळ नाही. दूरचा प्रवासी वापी स्टेशन गाठतो. २०२० मध्ये दमण आणि सिल्वासा एकाच केंद्रशासित प्रदेशात आले. मधली गुजरातची जमीन तिथेच आहे. परवानगी मात्र आता कोणी मागत नाही.