‘थम! कौन आता है?’ : खेळांच्या दारावरचा पहारा

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की हैदराबादला, सुट्टीत घरचं दृश्य तेच असतं. नातवाच्या कानाला हेडफोन आणि पडद्यावर लढाई. परवा माझ्या नातवाला विचारलं, “समोर कोण आहे रे?” म्हणाला, “माहीत नाही आजोबा. इन्व्हाइट आलं, घेतलं.”

फौजेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे उत्तर पचत नाही. रात्री चौकीजवळ सावली हलली की संत्री आधी ओरडतो, “थम! कौन आता है?” परवलीचा शब्द जुळला तरच पुढचं पाऊल. आजचा इतिहास ही हाक द्यायला विसरलेल्या खेळांचा आहे.

गेम इंजिन म्हणजे खेळाचा गाभा. चित्र, आवाज, हालचाल आणि इंटरनेटवरून येणारे निरोप तेच सांभाळतं. १९९६ साली अमेरिकेतल्या आयडी सॉफ्टवेअरचा ‘क्वेक’ आला आणि अनोळखी माणसं इंटरनेटवरून एकमेकांशी लढू लागली. सर्व्हर चालवणाऱ्याला दुरून हुकूम देता यावा म्हणून त्यात पासवर्डची सोय होती. १९९८ मध्ये उघड झालं की त्यात एक चोरवाट आहे. कंपनीच्या पत्त्यावरून, ठरलेल्या शब्दासह आलेला हुकूम सर्व्हर मुकाट पाळत होता. मालकाचा पासवर्ड लागतच नव्हता! पण ते निरोप पोस्टकार्डासारखे. पाठवणाऱ्याचा पत्ता कुणीही खोटा लिहावा.

पुढचा प्रसंग २०१७ चा, व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘सोर्स’ इंजिनातला. ‘काउंटर-स्ट्राइक’सारखे खेळ त्यावर चालत. खेळाडू मेला की त्याचं शरीर कोसळताना दिसतं. त्या शरीराची माहिती असलेली फाइल सर्व्हरकडूनही येऊ शकायची. ती वाचताना इंजिन मजकुराची लांबी तपासत नव्हतं. मापापेक्षा लांब मजकूर आला की तो शेजारच्या स्मृतीत सांडायचा, आणि त्यातून परक्याचा हुकूम तुमच्या संगणकावर चालू शकायचा. म्हणजे मेला पडद्यावरचा सैनिक, आणि काबीज झालं घर.

तिसरा प्रसंग मला सगळ्यात जास्त खुपतो. याच इंजिनात खेळाच्या आमंत्रणातूनच आत शिरता येतं, हे एका संशोधकाने जून २०१९ मध्ये कंपनीला कळवलं. एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या गटाने जाहीर वाच्यता केली, तेव्हा कुठे भोक बुजलं. कुंपण तुटल्याची खबर गस्तीने द्यावी आणि ती जवळजवळ दोन वर्षं फाइलीत पडावी, असं झालं. चूक कुणाकडूनही होते, पण खबर मिळूनही स्वस्थ बसणं ही चूक नव्हे, कसूर आहे.

तिन्ही वेळा शत्रूने भिंत फोडली नाही. मालकाचा पत्ता, खेळातली फाइल, दोस्ताचं आमंत्रण अशा आपल्याच गणवेशात तो आला, आणि कुणी झडती घेतली नाही.

ज्या संगणकावर नातू खेळतो, त्यावरच सून बँकेचे व्यवहार करते. म्हणून मी खेळ बंद केला नाही, पण तीन नियम घातले. अपडेट आलं की त्याच दिवशी घ्यायचं. अनोळखी आमंत्रण घ्यायचं नाही. आणि खेळाचं खातं वेगळं, पैशाचं वेगळं.

आता इन्व्हाइट आलं की नातूच ओरडतो, “थम! कौन आता है?” आणि हसतो. हसू दे. हाक दिली, हे महत्त्वाचं.

जय हिंद.